घरच्या मोटरसायकलचे तेलपाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी काय बोलणार, असे चिटणीसबाईंनी मला विचारले, आणि मी विषय सांगताच त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहातच राहिल्या. मोटरसायकलचे ऑइल बदलणे हा काय महिला मंडळात बोलण्याचा विषय आहे! याच जागी आजवर लोणची झाली, बालसंगोपन झाले, बचतीचे महत्त्व झाले. गाडीच्या पोटातल्या काळ्या तेलाशी आपला काय संबंध?

संबंध आहे, आणि तो चांगला घट्ट आहे. आपल्या खाप्यात आज असे किती अंगण असेल, की जेथे एखादी मोटरसायकल उभी नाही? कोणाचे यजमान तिच्यावरून खाणीवर जातात, कोणाचा मुलगा सावनेरला जातो, कोणाचा रोज नागपूर गाठतो. शेताची वाट, बाजारहाट, दवाखाना, माहेर, सगळे त्या दोन चाकांवर. घरात पीठ संपले तर आपल्याला डब्याचा आवाज ऐकूनच कळते. मग ज्या यंत्राच्या जिवावर ते पीठ घरात येते, त्याच्या पोटातले तेल संपत आले आहे हे आपल्याला का कळू नये? मला ते कळत नव्हते. त्याची किंमत माझ्या घराने कशी दिली, ते आधी सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या थोरल्या मुलीची प्रवेशपरीक्षा नागपूरला होती. खापा ते नागपूर म्हणजे पस्तीसएक किलोमीटर. गाडीने तासाभराचा रस्ता. बापलेक अंधारातच निघाले. मी दही-साखर हातावर ठेवली, देवाला दिवा लावला. निम्मा रस्ता झाला असेल नसेल, तोच गाडी कण्हल्यासारखी आवाज करू लागली आणि एकाएकी तिचे मागचे चाक जाम झाले. ह्यांनी चटकन् क्लच दाबला म्हणून दोघेही पडली नाहीत. गाडी रस्त्याच्या कडेला टाकली, संत्र्याच्या एका टेम्पोवाल्याने दोघांना पुढे नेले. पण परीक्षेच्या जागी पोचली तेव्हा फाटक लागून बारा मिनिटे झाली होती. रखवालदार चांगला होता. पण नियम तो नियम. मुलीचे एक वर्ष गेले. ती रडली नाही. घरी येऊन पुस्तके नीट रचून ठेवली आणि म्हणाली, "आई, गाडीला काय झालं ते मला पाहायचं आहे."

कारागिराने इंजिन उघडले तेव्हा आम्ही दोघी मायलेकी तेथे उभ्या होत्या. तेलाच्या कांडीला तेलाचा थेंब लागेना. खालचा बोल्ट काढल्यावर जे बाहेर आले ते पाव लिटरही नव्हते, आणि काकवीसारखे घट्ट होते. आतला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, करपून नळीला चिकटला होता. विशेष म्हणजे दोनच महिन्यांपूर्वीची चिठ्ठी आमच्या घरी होती. तिच्यावर 'ऑइल बदलले' असे लिहून पैसे लावले होते. प्रत्यक्षात त्या बोल्टावर वर्षभराची माती जशीच्या तशी बसलेली होती. ते काम कोठे करून घेतले होते, त्या जागेचे नाव मी घेणार नाही. लबाडी ज्याची त्याच्यापाशी. परंतु दोन महिन्यांत एकदाही आम्ही कांडी काढून पाहिली नाही, हा दोष आमचाच होता. दूधवाल्याने पाणी घातले तर ते ओळखणाऱ्या आपण. येथे मात्र डोळे मिटून पैसे मोजले.

दुरुस्तीला साडेअकरा हजार रुपये लागले. माझ्या भिशीची ती सगळी उचल होती. जे तेल वेळेवर बदलले असते तर हे टळले असते, त्याची बाटली चारशे रुपयांच्या आतबाहेर मिळते. त्या दिवशी मी ठरवले, की हे काम आपल्याला आलेच पाहिजे.

आता तेल इतके महत्त्वाचे का, ते पाहू. आपल्यापैकी पुष्कळजणी विणकराच्या घरातल्या आहेत. खाप्याचा हातमाग एके काळी घराघरांतून वाजत असे. मागाचा धोटा नीट सरकावा म्हणून आपल्या वडीलधाऱ्या माणसांना किती जपावे लागे, हे पुष्कळींनी पाहिले आहे. शिवणयंत्राला तेलाचा थेंब टाकला नाही तर ते कुरकुरते, हेही आपण जाणतो. बंडीच्या आखाला ओंगण दिल्याशिवाय शेतकरी तिला बैल जुंपत नसे. लोखंडावर लोखंड घासले की दोन्ही झिजतात; मध्ये तेलाचा पापुद्रा असला की एक दुसऱ्यावर घासत नाही, तरंगते. तत्त्व एकच आहे. फरक आहे तो वेगाचा. मोटरसायकलचे इंजिन रस्त्याने चालताना मिनिटाला चार-पाच हजार फेरे घेते. ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने नागपूर गाठावयास सुमारे ४२ मिनिटे लागतात असे धरा; मिनिटाला ४,५०० फेऱ्यांच्या हिशेबाने एका खेपेत सुमारे १ लाख ९० हजार फेरे झाले! आणि हे सारे एका लिटरभर तेलाच्या भरवशावर.

शिवाय हे तेल एकच काम करीत नाही. ते घासू देत नाही, हे एक. आतली उष्णता ओढून घेते, हे दुसरे. जळणाची काजळी आणि धातूची बारीक भुकटी आपल्यात सामावून घेऊन आतला भाग धुते, हे तिसरे. पिस्टन आणि नळी यांच्यामधली फट बुजवून जोर टिकवते, हे चौथे. म्हणूनच तेल काळे झाले की लगेच ते वाईट, असे समजू नये. धुण्याचे पाणी मळले म्हणजे कपडा स्वच्छ होत आहे असाच त्याचा अर्थ. पण त्याच पाण्यात आपण महिनाभर कपडे धूत नाही. पापड तळलेले तेल पुन्हापुन्हा तापवले की दाट होते, वास मारते. गाडीच्या तेलाचेही तसेच होते. शिवाय त्यातले थोडे थोडे जळून उडूनही जाते. कोठे गळत नाही, खाली डाग पडत नाही, आणि तरीही पातळी उतरते. यामुळेच माणूस फसतो.

जुन्या बायकांना राजदूत, ल्युना या गाड्या आठवत असतील. फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची ल्युना १९७२ साली निघाली आणि महाराष्ट्रातल्या किती तरी बायका तिच्यावर पहिल्याने गाडी शिकल्या. त्या गाड्यांत तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालावयाचे असे. पंपावर पेट्रोलबरोबर तेलाचे माप पडे, म्हणून तेलाचा विसर पडत नसे. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आली. तिचे इंजिन निराळ्या जातीचे, चार स्ट्रोकचे. त्यात तेल पोटात वेगळे राहते. पेट्रोल इतके कमी लागे, की 'भरा, झाकण लावा आणि विसरून जा' अशा अर्थाची तिची जाहिरात होती. ती पेट्रोलपुरती खरी होती. आपण मात्र विसरता विसरता तेलालाही विसरलो!

तेल किती दिवसांनी बदलावे? याचे उत्तर शेजारणीला विचारू नये. गाडीबरोबर जी लहानशी पुस्तिका मिळते तिला विचारावे. ती पुस्तिका बहुधा देवघराखालच्या कप्प्यात लाइटबिलांबरोबर सापडते. कोणत्या गाडीला ३,००० किलोमीटर, कोणत्या गाडीला ५,००० किंवा ६,०००, तर काही नव्या गाड्यांना १०,००० किलोमीटरही सांगितलेले असतात. शंभर सीसीच्या पुष्कळशा गाड्यांना ६,००० ला बदलावे आणि मध्ये ३,००० ला कमी झालेले भरावे, असे लिहिलेले आहे. आता हिशेब करा. रोज नागपूरची खेप म्हणजे जाऊन येऊन ७० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,८२० झाले. म्हणजे सव्वातीन महिन्यांत ६,००० पुरे होतात. मग 'दिवाळीला एकदा बदलू' म्हणणाऱ्याचे काय होईल, ते आपणच ठरवा. त्यातून आपल्याकडचा उन्हाळा, खाणीकडच्या रस्त्यांची धूळ. अशा ठिकाणी मुदतीच्या थोडे आधीच बदललेले बरे.

तेल कोणते घ्यावे, हा दुसरा प्रश्न. बाटलीवर '१०डब्ल्यू-३०' किंवा '२०डब्ल्यू-४०' असे आकडे असतात. त्यांना भिऊ नये. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या अलीकडचा आकडा थंडीत तेल किती सहज वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके ते थंडीत लवकर वाहते. पलीकडचा आकडा इंजिन तापल्यावर तेल किती दाट राहते ते सांगतो. पुस्तिकेत जो आकडा असेल तोच घ्यावा. 'सगळ्या गाड्यांना हेच चालते' असे कोणी म्हणाले, तर त्याला हसून नमस्कार करावा.

बाटलीवर आणखी एक खूण पाहावयाची, ती 'जासो एमए' किंवा 'एमए२' अशी. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच ही तिन्ही बहुधा एकाच तेलात बुडालेली असतात. मोटारीच्या काही तेलांत घसरण वाढवणारी द्रव्ये घातलेली असतात; ती इंजिनाला मानवतात, पण मोटरसायकलचा क्लच त्यांनी घसरू लागतो. म्हणून भावाच्या मोटारीतले उरलेले तेल प्रेमाने दिले तरी घेऊ नये. ज्या भगिनी बिनगिअरची स्कूटर चालवतात तिच्यात मात्र क्लच कोरडा असतो. तिला 'एमबी' खुणेचे तेल सांगितलेले असते, आणि मागच्या चाकापाशी गिअरचे थोडेसे तेल वेगळे असते. इंजिनाचे बदलले म्हणजे तेही बदलले गेले, असे समजू नये.

आता प्रत्यक्ष काम. साहित्य असे: बोल्टाच्या मापाचा रिंग पाना, एक जुने घमेले, नरसाळे, चिंध्या, नव्या तेलाची बाटली, बोल्टाची नवी चकती म्हणजे वॉशर, आणि गाडीला कागदी फिल्टर असेल तर तो व त्याचे रबरी कडे. पाना स्क्रूचा, म्हणजे लहानमोठा होणारा, घेऊ नये. तो निसटतो आणि बोल्टाच्या कडा गोल होतात. मग तो बोल्ट पाण्याला दाद देत नाही. हातांत रबरी मोजे घालावे. बांगड्या मागे सारून घट्ट कराव्यात आणि पदर खोचावा. साडीपेक्षा सलवार बरी, हे मी माझ्या सासूबाईंच्या देखत सांगते!

पहिली गोष्ट, गाडी चार-पाच मिनिटे चालू ठेवून बंद करावी. गरम तेल पातळ होते आणि तळाचा गाळ घेऊन बाहेर येते. पण लगेच हात घालू नये. सायलेन्सरचा चटका तव्यापेक्षा वाईट. पाच-दहा मिनिटे थांबावे. गाडी सपाट जमिनीवर मधल्या स्टँडवर उभी करावी.

दुसरी गोष्ट, वरचे तेलाचे झाकण मोकळे करावे. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल गुटगुट करीत येते, दुसरे पाडले की धार लागते, तसेच हे.

तिसरी, इंजिनाच्या खाली घमेले ठेवून तळाचा बोल्ट डावीकडे फिरवावा. शेवटचे आटे राहिले की पाना ठेवून बोटांनी, बोल्ट आत दाबून धरीत फिरवावा आणि मग एकदम बाजूला घ्यावा. नाही तर बोल्ट, चकती आणि तेल तिन्ही घमेल्यात पडतात, आणि हात कोपरापर्यंत काळा होतो. दहा-पंधरा मिनिटे तेल निथळू द्यावे. घाई करू नये. तेवढ्यात चहा होतो.

चौथी गोष्ट पाहण्याची. निघालेले तेल बोटांत चोळून पाहावे, मोजे आहेतच. काळे असणे ठीक. चमकणारी बारीक भुकटी किंचित असेल तर तीही ठीक. पण मोठे कण, तुकडे निघाले तर आत काही मोडते आहे. तेल ताकासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. अशा वेळी नवे तेल घालून वाट न पाहता जाणत्या कारागिराकडे जावे. वैद्य जशी नाडी पाहतो, तशी ही गाडीची नाडी.

पाचवी गोष्ट फिल्टरची. येथे गाड्यांचे दोन पंथ आहेत. स्प्लेंडरसारख्या गाडीत कागदी फिल्टर नसतो. तिच्या आत एक जाळी असते आणि इंजिनाबरोबर गरगर फिरणारी एक वाटी असते. दूध फिरवून साय निराळी करणारे यंत्र असते ना, त्याच रीतीने ही वाटी तेलातला जड मळ कडेला फेकून धरून ठेवते. ती साफ करण्यासाठी क्लचच्या बाजूचे मोठे झाकण उघडावे लागते. ते काम कारागिरावर सोपवावे, पण पुस्तिकेत सांगितल्या वेळी करून घ्यावे आणि समोर उभे राहून करून घ्यावे. दुसऱ्या पंथाच्या गाड्यांत लहानशा झाकणाखाली कागदी घड्यांचा फिल्टर असतो. तो काढताना स्प्रिंग कोणत्या बाजूला होती, फिल्टरचे कोणते तोंड आत होते, हे नीट पाहून ठेवावे. मुलांना सांगून मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तमच. फिल्टर उलटा बसला तर तेलाची वाट अडते किंवा न गाळलेलेच तेल फिरू लागते. नव्या रबरी कड्याला नव्या तेलाचे बोट फिरवावे, मग बसवावे. झाकणाचे बोल्ट एकदम एक आवळून दुसऱ्याकडे जाऊ नये. थोडे याचे, थोडे त्याचे, असे समान आवळावे.

सहावी गोष्ट, खालचा बोल्ट पुसून, नवी चकती घालून परत लावणे. आधी बोटांनी लावावा. तो सरळ जात असेल तर बोटांनीच बहुतेक सगळा जातो. अडला तर वाकडा लागला आहे, काढून पुन्हा लावावा. मग पान्याने मनगटाच्या जोराने आवळावा. येथे अंगची ताकद दाखवू नये. बोल्ट पोलादाचा, पण इंजिनाचा तळ अॅल्युमिनियमचा. फार आवळले की तळातले आटे मरतात आणि चारशेच्या कामाला हजारोंचे कोंदण बसते. पुरुष बहुधा येथेच चुकतात. आपल्याला डब्याचे झाकण किती लावले म्हणजे पुरे, ते हाताला कळते. तोच हात येथे उपयोगी पडतो.

आणि सातवी गोष्ट तेल भरणे. येथे मला थोडे थांबून एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वेळी मी मोठ्या उत्साहाने सर्व केले. निथळले, पुसले, फिल्टर घातला. मग नरसाळे लावून नवे सोनेरी तेल ओतू लागले. सासूबाई ओट्यावर तांदूळ निवडीत होत्या. त्या म्हणाल्या, "अवं बाई, तुह्या गाडीखालून मध गळून राह्यला न्!" खालचा बोल्ट माझ्यासमोर ताटलीत होता! अर्ध्याहून अधिक तेल सकाळच्या रांगोळीवरून वाहत तुळशीपर्यंत गेले होते. आमच्या ह्यांनी तोंड फिरवले. ते हसत होते की रागावले होते, हे मी विचारले नाही. शेजारच्या भिंतीवरून एक बाई म्हणाल्या, "बाईमाणसाचं काम नाही ते." मी काहीच बोलले नाही. मुलीने दुकानातून दुसरी बाटली आणली, आणि त्या दिवसापासून आमच्या घरी नियम झाला: आधी बोल्ट, मग बाटली. मुलगी हे मोठ्याने म्हणते आणि मी मोठ्याने 'हो' म्हणते, मगच झाकण उघडते.

किती भरावयाचे तेही पुस्तिकेतच असते. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांना ९०० मिलिलिटर ते एक लिटर लागते. सगळी बाटली रिती केलीच पाहिजे असे नाही. थोडे कमी भरावे, गाडी दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी, बंद करून तितकेच थांबावे, मग कांडी पुसून घालावी व काढून पाहावी. तेल वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ असावे. पुष्कळ गाड्यांत ही कांडी पाहताना आटे फिरवून आत बसवावयाची नसते, नुसती टेकवावयाची असते. ती आवळून पाहिली तर ती अधिक खोल बुडते आणि तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. काही गाड्यांना कांडीऐवजी लहानशी काच असते. वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये. जास्त तेलानेही इंजिन गुदमरते. शेवटी बोल्टापाशी चिंधी लावून ओल येते का पाहावे, आणि तारीख व किलोमीटर दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहावे. एवढे झाले, की काम झाले. मला पहिल्यांदा दोन तास लागले. आता चहासकट पाऊण तास लागतो.

आता अत्यंत महत्त्वाची गोष्ट. घमेल्यात जे जळके तेल उरते, त्याचे काय करावयाचे? आपल्या गावात ते नालीत ओततात, कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासतात, कोणी गुरांच्या आणि कुत्र्यांच्या खरजेवर लावतात. भगिनींनो, हे करू नका. त्या तेलात जळणातून आलेली विषारी द्रव्ये आणि धातूंचे कण असतात. ते कातडीला वारंवार लागणे माणसाला वाईट तसेच मुक्या जनावरालाही वाईट. चुलीत टाकले तर तोच धूर आपल्या नाकात. आणि नालीत ओतले तर ते जाते कोठे? आपली नाली उतरते कन्हानकडे. आपण खाप्याची माणसे कन्हानच्या काठावर वाढलो. तिच्या वाळूत खेळलो. पुढे याच कन्हानचे पाणी शुद्ध करून नागपूर शहराला पाजतात. परीक्षेला गेलेली आपली मुले तेथे नळाखाली ओंजळ धरतात, ते पाणी आपल्या दारावरून गेलेले असते.

कायद्यानेही जळके तेल हा घातक कचरा मानलेला आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ते परवाना असलेल्या माणसालाच द्यावयाचे असते, आणि १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरच जुने तेल परत गोळा करवून शुद्ध करून घेण्याची जबाबदारी टाकलेली आहे. शुद्ध केलेल्या जुन्या तेलाचे पुन्हा चांगले तेल होते. म्हणून ते बाटलीत भरून, पाणी किंवा पेट्रोल न मिसळता, झाकण लावून वेगळे ठेवावे आणि तेल घेणाऱ्याकडे पोचवावे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत 'जळके ऑइल' असे लिहावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये.

कोणी म्हणेल, हे सगळे शिकून बाईने मिस्त्री व्हावयाचे काय? तसे मुळीच नाही. कारागिराची विद्या मोठी आहे आणि तिचा मान ठेवावा. पण आपल्याला येते असे समजले की त्याचेही काम चोख होते. आज मी गाडी दुसरीकडे दिली तरी जुना फिल्टर मागून घेते, कांडी पाहते, बोल्टापाशी हात लावते. कोणी वाईट मानीत नाही. उलट आता मला बसावयास स्टूल देतात.

१८८८ च्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बेर्टा बेंझ या बाईने आपल्या नवऱ्याने केलेली मोटार, त्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन माहेरी नेली. मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंत. मोटारीने इतका लांबचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. वाटेत पेट्रोलची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यांना चामडे लावून घेतले. त्या प्रवासाने लोकांचा मोटारीवर विश्वास बसला. ती बाई इंजिनिअर नव्हती. ती फक्त पाहत होती आणि हात लावायला भीत नव्हती.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. लग्नकार्यासाठी मंडळे मोठी पातेली, पराती ठेवतात आणि वहीत नोंद करून देतात. तशीच एक पेटी आपण ठेवावी: चार मापांचे रिंग पाने, एक नरसाळे, एक घमेले, मोज्यांचे जोड. ज्या घरी लागेल त्यांनी न्यावी, पुसून परत करावी. आणि मंडळाच्या मागच्या पडवीत घट्ट झाकणाचा एक पिंप ठेवावा. सर्वांचे जळके तेल त्यात जमवून परवानाधारकाला द्यावे, येतील ते पैसे मंडळाच्या खाती जमा करावे. पहिल्या पेटीचा खर्च मी माझ्या यंदाच्या भिशीतून देते. ज्या भिशीने एकदा करपलेले इंजिन दुरुस्त केले, तिचा यंदा तरी चांगला उपयोग होऊ द्या.

मुलीचे काय झाले, असे कोणी विचारील. तिने पुढच्या वर्षी परीक्षा दिली. आदल्या संध्याकाळी तिने स्वतः कांडी काढून पाहिली, चिंधीला पुसली, पुन्हा घालून पाहिली आणि मला दाखवली. तेल वरच्या खुणेपाशी होते. सकाळी मी दही-साखर दिली, दिवाही लावला. पण त्या रात्री मला झोप लागली होती, ती त्या खुणेमुळे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता माझ्या अंगणात गाडी मधल्या स्टँडवर उभी राहील. ज्यांना हात काळे करावयाचे असतील त्यांनी यावे. चहा सासूबाई करणार आहेत, आणि खालचा बोल्ट लावला आहे की नाही, तेही त्याच पाहणार आहेत.